दोन ट्यूबांचा तुलनात्मक तक्ता

नारळ कशावर फोडायचा, यात दहा मिनिटं गेली.

"पेटीवर नको," भांडारपाल कुंटे म्हणाले, "पेटीवर 'नाजूक' असं लिहिलंय."

"इंग्रजीत लिहिलंय ना? मग चालतंय," नगराध्यक्ष मोहोळकर म्हणाले आणि त्यांनी नारळ पेटीवरच फोडला. पाणी फटीतून आत गेलं. टाळ्या झाल्या. अशा रीतीनं रायनगर नगरपालिकेच्या बँडमध्ये नव्या ट्यूबाचं आगमन झालं.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि बँडमध्ये हंगामी वादक होतो. हंगामी या शब्दाचा नगरपालिकेतला अर्थ असा, की सहा वर्षं झाली तरी हजेरीपटावर 'मधुकर वायदंडे' हे नाव पेन्सिलीनं लिहायचं. म्हणजे खोडायला बरं.

नगराध्यक्ष युरोपात सांडपाण्याच्या अभ्यासदौऱ्यावर गेले होते. तिथल्या एका चौकात त्यांनी बँड ऐकला, आणि परत येताना सांडपाण्याऐवजी ट्यूबाचा निर्णय घेऊन आले. आमची गटारं आजही तशीच आहेत. ट्यूबा मात्र उत्तम निघाला, हे मला कबूल करायला हवं. सगळी अडचण तिथूनच सुरू झाली.

ट्यूबा म्हणजे बँडमधला सगळ्यात थोरला पितळी बाजा. मांडीवर घेऊन पोटाशी कवटाळायचा, चालताना पट्ट्यानं खांद्याला अडकवायचा. तोंड त्याचं आभाळाकडे. आमचा जुना आणि हा नवा, दोन्ही एकाच जातीचे, फिरकीचे. कळ दाबली की आतली गोल फिरकी पाव वळसा घेते आणि वाऱ्याची वाट बदलते. जुना होता संस्थानाच्या काळातला. राजेसाहेबांनी गादीवर बसताना बोहेमियातून मागवलेला. संस्थान गेलं, हत्ती गेले, हत्तींचा पीलखाना बँडला तालमीसाठी मिळाला. तिथं गेली छत्तीस वर्षं तो जुना ट्यूबा एकच माणूस वाजवत होता. सायमन रणभिसे.

रणभिश्यांना सगळे मास्तर म्हणत. खरं तर बँडमास्तरचं पद रिकामं होतं. नगरपालिकेनं ते बारा वर्षं जपून रिकामं ठेवलं होतं. पण चाल कुठली वाजवायची, लय किती ठेवायची, हे मास्तर ठरवायचे. मला त्यांनीच शिकवलं होतं. ओठ कसे आवळायचे, बेंबीच्या खालून वारा कसा आणायचा, सगळं. सत्तावन्न वर्षांचे होते. निवृत्तीला चौदा महिने उरले होते.

पेटी उघडल्यावर मास्तर पुढं आले. नव्या ट्यूबावरून त्यांनी एकदाच हात फिरवला, कळा दाबून पाहिल्या. चार नव्हे, पाच. कसलाही खडखडाट नाही. मग हात पाठीमागं बांधून म्हणाले, "वजन फार आहे याला."

"मास्तर, मालात वजन असायचंच," नगराध्यक्ष म्हणाले.

दोन महिन्यांनी लेखापरीक्षकांनी शेरा मारला: एक ट्यूबा चालू स्थितीत असताना दुसरा का घेतला? नगरपालिकेत असा प्रश्न पडला की उत्तर शोधत नाहीत, समिती नेमतात. जुना ट्यूबा निकामी आहे हे शास्त्रीय पद्धतीनं सिद्ध करण्यासाठी निःपक्षपाती तुलना करावी, असा ठराव झाला. काय सिद्ध करायचं ते आधीच ठरलेलं असल्यामुळं निःपक्षपातीपणाला कसलाही धोका नव्हता. समितीवर नगराध्यक्ष, कुंटे आणि 'वाद्यतज्ज्ञ' म्हणून मी.

"मास्तरांना घ्या की," मी म्हणालो.

"त्यांचा जीव जुन्यात अडकलाय," कुंटे म्हणाले. "आणि हे बघ वायदंडे, अहवाल नीट आला की पुढच्या महिन्यात तुझं नाव शाईनं."

तुम्ही म्हणाल, मी शाईला भुललो. तसं असतं तर बरं झालं असतं. माफी मागायला सोपं गेलं असतं. मी भुललो खरेपणाला. मी दोन्ही ट्यूबा आठवडाभर वाजवून पाहिले, आणि नवा खरोखरच चांगला होता. मला खोटं बोलायची गरजच नव्हती. खरं बोलायचं, वर कायम नोकरी मिळवायची, आणि शिवाय ज्यानं शिकवलं त्याच्यापेक्षा मला जास्त कळतं हे चार लोकांत दाखवायचं. एका दगडात इतके पक्षी मारायची संधी सव्वीस वर्षांच्या माणसाला रोज मिळत नाही.

कुंट्यांनी तुलनात्मक तक्ता आधीच छापून आणला होता. रकाने असे: उंची, वजन, रंग, चकाकी. चकाकीसमोर त्यांनी स्वतःच भरलं होतं, 'जुना: नाही. नवा: आहे.' आवाजाला रकाना नव्हता. मी हातानं रेघ मारून तो घातला. त्या रेघेचा मला फार अभिमान वाटला.

तुलनेच्या दिवशी पीलखान्यात दोन्ही ट्यूबा दोन खुर्च्यांवर ठेवले होते, मुलगी दाखवायच्या कार्यक्रमासारखे. मास्तर दाराशी उभे होते.

"जुन्याच्या कळांचे सांधे पेचाचे आहेत," मी सांगायला लागलो. "झिजलेत. प्रत्येक सुराबरोबर खडखडतात. नव्याचे सांधे गोळीचे. बघा, आवाज येतोय का?"

"नाही," नगराध्यक्ष समाधानानं म्हणाले.

"वाजवल्यावर तोंडाचं पाणी आत साठतं. नव्याला ते सोडायला चावी आहे. जुन्याला नाही. तो अख्खा गोल फिरवून घागरीसारखा उपडा करावा लागतो."

"शी," कुंटे म्हणाले आणि त्यांनी लिहून घेतलं.

"जुन्याचा मधला सूर चढा लागतो. डाव्या हातानं नळी ओढून तो दर वेळी खाली आणावा लागतो. नव्यात सगळे सूर जागच्या जागी."

"मग?" मास्तर दारातून म्हणाले. "छत्तीस वर्षं ओढतोय. हात दुखला असं कधी म्हटलं का मी?"

"तुमच्या हाताचा प्रश्न नाही मास्तर, वाद्याचा आहे."

"आवाजाचं बोल ना. जुन्याच्या आवाजाला गोडवा आहे. नवा नुसता मोठ्यानं बोलतो."

हे ते आठवडाभर म्हणत होते. गोडवा, मुरलेलं पितळ, हातानं ठोकलेला पत्रा. मला त्यात म्हाताऱ्या माणसाचा हट्ट दिसत होता. तालमीतही हल्ली ते असंच काहीतरी करायचे. लांब सूर मध्येच तोडायचे, चाली जलद घ्यायचे. 'आता असंच वाजवतात,' म्हणायचे. आम्ही मागं हसायचो.

"ठीक आहे," मी म्हणालो. "तुम्ही भिंतीकडं तोंड करून बसा, दोघा साहेबांनीही पाठ फिरवावी. मी दोन्हींवर एकच ओळ वाजवतो. जुना कुठला ते ओळखा."

मास्तरांनी स्टूल ओढलं आणि भिंतीकडं तोंड करून बसले. नगराध्यक्षांनी आणि कुंट्यांनीही पाठ फिरवली. मी आधी जुना वाजवला, मग नवा. नव्याचा खालचा सूर निघाला तेव्हा पीलखान्याच्या छपरावरची कबुतरं उडाली. इतका भरीव, इतका गोल सूर मी आयुष्यात काढला नव्हता.

"बोला मास्तर."

मास्तरांची पाठ तेवढी दिसत होती. सदऱ्याच्या मागं घामाचा पट्टा आला होता.

"दुसरा," ते म्हणाले. "दुसरा जुना. त्यातच गोडवा आहे."

मी थांबलो असतो तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण माझ्या हातात खरं होतं, आणि ते मला ठेववेना.

"मास्तर, दुसरा नवा होता."

नगराध्यक्ष मांडीवर थाप मारून हसले. कुंट्यांनी लिहिलं, 'जुन्या वादकासही नवीन वाद्यच गोड वाटले.' मास्तर उठले, स्टूल जागेवर ठेवलं आणि गेले.

अहवाल मी स्वतः लिहिला. 'जुन्या वाद्याची नळी अरुंद असल्याने आवाज लहान. नवीन वाद्याची नळी रुंद. सुमारे दीडपट वारा लागतो, परंतु आवाज त्या प्रमाणात मोठा. दमदार वादकास अत्यंत योग्य.' जुना ट्यूबा भंगाराच्या यादीत चढला आणि भांडारात रिकाम्या डांबराच्या पिंपांशेजारी जाऊन बसला. माझ्या नावाची फाईल शाईच्या दिशेनं निघाली.

एक मेला झेंडावंदनासाठी बँड नगरपालिकेपासून मैदानापर्यंत वाजवत जायचा. एक किलोमीटरही नाही. मास्तरांनी नवा ट्यूबा खांद्याला अडकवला. मी दुसऱ्या रांगेत युफोनियम घेऊन होतो, म्हणजे ट्यूबाचा धाकटा भाऊ.

पहिली चाल पोस्टापर्यंत गेली. पोस्टापुढं ट्यूबाचा सूर पातळ झाला. मग एक आला, एक नाही. मग आलाच नाही. मी समोर पाहिलं. मास्तर चालत होते, ट्यूबा तोंडाला होता, गाल फुगलेले होते, पण त्यातून काही निघत नव्हतं. शाळेच्या फाटकाशी ते रांगेतून बाहेर पडले आणि फूटपाथच्या कडेला बसले. ट्यूबा मांडीवर. ओठ जांभळे. श्वास आत जाताना शिटीसारखा आवाज येत होता, आणि तो आम्हाला बँड चालू असताना ऐकू आला.

बँड थांबला नाही. आम्ही मैदानापर्यंत ट्यूबाशिवाय गेलो. ढोल होता, त्यामुळं नगराध्यक्षांना फरक कळला नाही. कुंट्यांना कळला. त्यांना वाजवण्यातलं नव्हे, रांगेतलं कळायचं. तीन मे रोजी मास्तरांना कागद आला: सरकारी दवाखान्यातून आठ दिवसांत तंदुरुस्तीचा दाखला आणावा, अन्यथा 'हलकं काम' देण्यात येईल. आमच्या नगरपालिकेत हलकं काम एकच होतं, जकात नाका. हमरस्त्यावर, चढाच्या तोंडाशी, जिथं प्रत्येक ट्रक गिअर बदलतो आणि काळा धूर सोडतो. तिथं पत्र्याच्या खोक्यात बसून आडवा बांबू वर-खाली करायचा. श्वासाचा त्रास असलेल्या माणसाकडं नगरपालिकेनं इतकं आपुलकीनं पाहिलं होतं.

त्याच दिवशी दुपारी मी मास्तरांच्या खोलीवर गेलो. ते बनियनवर खाटेवर बसले होते, पुढं गरम पाण्याचं पातेलं, डोक्यावर टॉवेल. त्यांच्या पत्नीनं, मार्थाबाईंनी, दार उघडलं.

"किती दिवस झाले हे?" मी विचारलं.

"दिवस?" मार्थाबाई म्हणाल्या. "तिसरं वरीस लागलंय."

"मग दवाखाना?"

"दवाखान्यात गेलं की कागद होतो. कागद झाला की नाका. तुमच्या बँडमधल्या त्या सावंतांना असंच नाक्यावर बसवलं, त्यांचं काय झालं, बघितलं नाहीस?"

मास्तरांनी टॉवेल बाजूला केला. "बस मधू."

मी बसलो.

"जुन्याला वारा कमी लागतो," ते सावकाश, तुकड्या-तुकड्यानं म्हणाले. "घोटभर वाऱ्यावर बोलतो तो. नळी अरुंद आहे ना. तू लिहिलंयसच की. बरोबर लिहिलंयस. सूर थोडे तोडले, चाल थोडी पळवली, की निभत होतं. मार्चपर्यंत निभलं असतं."

"मला सांगायचं होतं, मास्तर. एका शब्दानं तरी."

"सांगितलं की."

"कधी?"

"भिंतीकडं तोंड करून बसलो होतो तेव्हा." ते हसले आणि त्यातच खोकला आला. मार्थाबाईंनी पाठीवर हात ठेवला. खोकला थांबल्यावर म्हणाले, "छत्तीस वर्षं पोटाशी धरला त्याचा आवाज मला ओळखू येणार नाही? आणि नवा चांगला आहे, हे कळायला काय कान लागतात? पहिल्या दिवशी हात लावला तेव्हाच कळलं. पण म्हटलं, मी चांगल्याला जुना म्हणतो. सगळ्यांना माहीत, मला कळतं. तुला तर नक्कीच माहीत. तू पुढं 'बरोबर' म्हणशील आणि जुना राहील, असं वाटलं मला. एवढंच तर म्हणायचं होतं."

मार्थाबाईंनी चहा विचारला. मी नको म्हणालो. मग त्यांनी आणला आणि मी प्यालो. त्याखेरीज त्या खोलीत मला काही करता येण्यासारखं उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुरवणी अहवाल घेऊन कुंट्यांपुढं उभा राहिलो. खोटं लिहायचा तो माझा पहिला प्रसंग, पण भाषा मला आपोआप सुचत गेली. 'नवीन वाद्याच्या आतील रचनेत स्थानिक हवामानामुळे वायुविरोध उत्पन्न होत असून कितीही निरोगी मनुष्याचा श्वास त्यात अडकतो. दि. १ मे रोजीचा प्रकार वादकामुळे नसून वाद्यामुळे घडला.' वायुविरोध हा शब्द मी स्वतः तयार केला. कुठल्याच शास्त्रात तो नाही.

"हे काय नवीन?" कुंटे म्हणाले. "महिन्यापूर्वी तर अत्यंत योग्य होता."

"तेव्हा थंड होता साहेब. आता ऊन वाढलंय."

"रणभिश्यांना वाचवायला लिहितोयस तू हे."

"मग तुम्ही स्वतः वाजवून बघा ना. तुमच्याइतका निरोगी माणूस नगरपालिकेत दुसरा कोण आहे?"

हे मी नेम धरून बोललो होतो. कुंटे रोज पहाटे तळ्याला सात फेऱ्या मारत, प्राणायामाचं मंडळ चालवत, आणि जिन्यात धापा टाकणाऱ्या प्रत्येक कारकुनाला पोटाकडं बोट दाखवून उपदेश करत. ते उठले. पीलखान्यात आले. कोट काढून खुंटीला लावला. अख्खा बँड भोवती जमला.

ज्याला ओठ थरथरवता येत नाहीत त्यानं ट्यूबात फुंकर मारली, की ती या टोकानं शिरते आणि त्या टोकानं निघून जाते. सूर उमटत नाही. माणूस आणखी जोर लावतो. चार-पाच वेळा जोर लावला की डोळ्यांपुढं काजवे येतात. हे पहिल्या दिवशी प्रत्येक शिकणाऱ्याला होतं. मलाही झालं होतं. कुंट्यांना हे कुणी सांगितलं नाही. बँडमध्ये बावीस माणसं होती आणि बावीसही गप्प राहिली.

त्यांनी पहिली फुंकर मारली. काही नाही. दुसरी मारली. चेहरा लाल झाला. तिसऱ्या वेळी ट्यूबातून म्हैस चिखलातून पाय उपसते तसा एक आवाज आला. पाचव्या वेळी त्यांनी ट्यूबा माझ्या हातात दिला, खांबाला धरलं आणि हळूच खाली बसले.

"पाणी आणा साहेबांना," कुणीतरी म्हणालं.

"बघितलंत?" मी म्हणालो. "तुमची ही गत, साहेब. मास्तर तर सत्तावन्न वर्षांचे आहेत."

कुंटे पाणी प्याले. त्यांच्यापुढं दोनच वाटा होत्या: आपल्या फुप्फुसात दम नाही हे मान्य करायचं, किंवा वायुविरोध मान्य करायचा. त्यांनी जागेवरच सही केली.

"पण नगराध्यक्षांना काय सांगू?" ते म्हणाले. "त्यांचं वाद्य वाईट म्हणायचं?"

"वाईट कशाला? इतकं मौल्यवान वाद्य वापरून खराब करू नये म्हणा. दर्शनी ठेवावं. खाली त्यांचं नाव."

नगराध्यक्षांना ही सूचना फार आवडली. नवा ट्यूबा नगरपालिकेच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात गेला, शेजारी त्यांचा हार घातलेला फोटो. मास्तरांचा दाखल्याचा कागद रद्द झाला आणि जुना ट्यूबा डांबराच्या पिंपांशेजारून परत आला. मास्तरांनी त्याला तीन दिवस तेल घातलं आणि चौथ्या दिवशी तालमीला आणला. 'चाल जलद घ्या,' एवढं बँडला म्हणाले, आणि आम्ही सगळ्यांनी घेतली. त्यांना जिथं सूर तोडावा लागायचा तिथं मी युफोनियमवर खाली उतरून तो पुढं नेत असे. ते मान न वळवता श्वास घेत. मार्चअखेर ते वादक म्हणून निवृत्त झाले. पुढं तीन वर्षं जगले.

माझी फाईल परत आली. 'महिन्याभरात परस्परविरोधी अहवाल. तज्ज्ञ म्हणून विश्वासार्ह नाही,' असा शेरा होता. शेरा अगदी योग्य होता. माझं नाव आणखी सात वर्षं पेन्सिलीत राहिलं.

नगराध्यक्ष बदलले तसं काचेचं कपाट उघडलं आणि नवा ट्यूबा माझ्याकडं आला. बारा वर्षं मी तो वाजवला. त्याच्या कळा आजही लोण्यासारख्या फिरतात. दोन हजार दहा साली एक मुख्याधिकारी बाई बदलून आल्या. हुशार होत्या. पीलखान्यात येऊन त्यांनी दोन्ही वाद्यं हातात घेऊन पाहिली. यातलं एकच ठेवायचं, दुसरं संग्रहालयाला द्यायचं, असं त्यांच्या मनात होतं.

"वायदंडे, तुम्ही दोन्ही वाजवलेत," त्या म्हणाल्या. "खरं सांगा, यात चांगलं कुठलं?"

"मॅडम," मी म्हणालो, "मला काही फरक ओळखू येत नाही."

त्यांनी माझ्याकडं जरा नवलानं पाहिलं आणि ते वहीत लिहून घेतलं.